दोनशे निबंध, दहा हजार सायटेशन्स: हे आकडे वाचायचे कसे?

दरवर्षी सप्टेंबरच्या आसपास एक बातमी हमखास येते. अमुक विद्यापीठातले तमुक प्राध्यापक 'जगातल्या अव्वल दोन टक्के शास्त्रज्ञांच्या यादीत'. सोबत फोटो, अभिनंदनाचा वर्षाव आणि आकड्यांची माळ: दोनशे शोधनिबंध, दहा हजार सायटेशन्स, एच-इंडेक्स ४८. वाचणाऱ्याला एवढंच कळतं की आकडे मोठे आहेत. कशाच्या मानाने मोठे, आणि मुळात मोजलंय तरी काय, हे बातमी देणाऱ्यालाही बहुधा ठाऊक नसतं.

हे आकडे हवेत समजत नाहीत, म्हणून एकच क्षेत्र धरू: न्यूरोफार्माकॉलॉजी, म्हणजे मेंदूवर आणि मज्जासंस्थेवर औषधं कशी काम करतात त्याचं शास्त्र. झोपेची गोळी, नैराश्यावरची औषधं, फिट्सवरची, पार्किन्सनची, अफू आणि तिची भावंडं, हे सगळं यात येतं. आकड्यांनी डोक्यावर घेतलेली माणसं या क्षेत्रात आहेत, आणि आकड्यांना कधी धड दिसलीच नाहीत अशीही आहेत.

## सायटेशन म्हणजे काय

संशोधक प्रयोग करतो, निष्कर्ष लिहून जर्नलकडे पाठवतो. जर्नल म्हणजे त्या विषयाचं नियतकालिक. तिथे त्याच क्षेत्रातले दोन-तीन जाणकार तो मजकूर तपासतात, शंका काढतात, दुरुस्त्या सुचवतात, आणि मग तो शोधनिबंध म्हणून छापला जातो. निबंधाच्या शेवटी यादी असते: हे काम करताना आम्ही आधीच्या या या निबंधांचा आधार घेतला. त्या यादीत तुमच्या निबंधाचं नाव आलं की तुमच्या खात्यावर एक सायटेशन जमा होतं.

या याद्या उलट्या फिरवून 'कोणत्या निबंधाचं नाव कोणी कोणी घेतलं' अशी सूची करायची कल्पना अमेरिकेतल्या युजीन गारफिल्ड यांनी १९५५ मध्ये मांडली. वकील जुने निकाल शोधायला अशीच सूची वापरत, तिथून ती सुचली. १९६४ मध्ये 'सायन्स सायटेशन इंडेक्स' निघाला. हेतू साधा होता: एखादा जुना निबंध हाती लागला तर त्यावर पुढे काय काम झालं ते सापडावं. माणसांची प्रत ठरवायला ही सूची वापरायची रीत नंतर पडली, आणि आजचे बरेच घोळ तिथून सुरू झाले.

कारण नाव घेण्यामागे हेतू अनेक असतात. कोणी तुमची पद्धत वापरलेली असते. कोणी तुमच्या निष्कर्षावर पुढचा मजला चढवलेला असतो. कोणी तुमचं खोडून काढलेलं असतं. कोणी प्रस्तावनेत 'या विषयावर बरंच काम झालं आहे' असं लिहून पाठोपाठ पंधरा नावं ठोकलेली असतात, त्यात तुमचंही एक. कधी तपासनीसच सुचवतो की अमुक निबंधाचा उल्लेख करा, आणि तो निबंध नेमका त्याचा स्वतःचा असतो. खात्यावर प्रत्येक वेळी जमा होतं ते एकच.

## सगळ्यात जास्त सायटेशन्स कोणाला?

लोकांना वाटतं, आइन्स्टाइनला असतील, नाहीतर डीएनएची रचना सांगणाऱ्या वॉटसन आणि क्रिक यांना. 'नेचर' या जर्नलने २०१४ मध्ये सर्वाधिक सायटेशन्स मिळालेल्या शंभर निबंधांची यादी केली. डीएनएचा तो निबंध शंभरातही नव्हता. पहिला नंबर होता ऑलिव्हर लाउरी आणि सहकाऱ्यांच्या १९५१ च्या निबंधाचा, तीन लाखांहून जास्त सायटेशन्ससह. त्यात कोणताही सिद्धांत नाही. द्रावणात प्रथिन किती आहे हे निळ्या रंगाच्या गडदपणावरून मोजायची रीत आहे, एवढंच.

हे लाउरी सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात फार्माकॉलॉजी विभागाचे प्रमुख होते आणि मेंदूचं रसायन हा त्यांचा आवडीचा विषय. हा निबंध काही थोर नाही हे ते स्वतःच मोकळेपणाने सांगत. मात्र लोकांच्या प्रतिसादाची मनातून गंमत वाटते, असंही म्हणत. गवंड्याच्या ओळंब्यासारखं आहे हे. वाडा असो की गुरांचा गोठा, भिंत उभी करायची म्हटलं की ओळंबा लागतोच. म्हणून तो जिकडेतिकडे दिसतो. भिंतीआड काय आहे याच्याशी त्याचा संबंध नसतो.

न्यूरोफार्माकॉलॉजीत असे ओळंबे पुष्कळ. जॉर्ज एलमन आणि सहकाऱ्यांचा १९६१ चा निबंध घ्या. मेंदूत ॲसिटिलकोलीन नावाचा निरोप्या-रेणू असतो, आणि काम झाल्यावर त्याचे तुकडे करणारं एक एन्झाइम. त्या एन्झाइमची ताकद मोजायची सोपी रीत एलमन यांनी दिली. छोट्या नळीत मेंदूच्या ऊतीचा अर्क घ्यायचा, त्यात एन्झाइम तोडू शकेल असा कृत्रिम रेणू आणि एक रंगकारक घालायचं. रेणू तुटू लागला की द्रावण पिवळं होत जातं. पिवळेपणा जितका भराभर वाढेल तितकं एन्झाइम जोरात. बस. पण अल्झायमरच्या रुग्णांना देतात त्या डोनेपेझिलसारख्या गोळ्या याच एन्झाइमला आवरतात, आणि ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली कीटकनाशकंही त्यालाच अडवतात. त्यामुळे स्मरणशक्तीवरची वनस्पती तपासणारे, विषबाधा अभ्यासणारे, माशांवर कीटकनाशकाचा परिणाम बघणारे, सगळे एलमनकडे येतात. सायटेशन्स हजारोंनी साचतात.

म्हणून कोणाच्या खात्यावर प्रचंड आकडा दिसला की माझा पहिला प्रश्न असतो: यातला किती वाटा कोणत्या निबंधांनी आणलाय? पद्धत सांगणारा निबंध असेल तर आकडा हे उपयोगाचं माप आहे, आणि उपयोग ही काही कमी प्रतीची गोष्ट नाही. आढावा लेख असेल, म्हणजे स्वतः प्रयोग न करता इतरांचे शंभर-दोनशे निबंध वाचून सार मांडणारा, तर आकडा हे सोयीचं माप आहे. लिहिणाऱ्याला मुळातले वीस निबंध उल्लेखण्यापेक्षा एक आढावा उल्लेखणं परवडतं. चांगला आढावा लिहायला व्यासंग लागतो हे खरं, पण शोध लावणं वेगळं.

तिसरी तऱ्हा जास्त अवघड. १९७७ मध्ये रॉजर पोरसोल्ट आणि सहकाऱ्यांनी नैराश्यावरच्या औषधांसाठी एक चाचणी मांडली. उंदराला पाण्याच्या उभ्या भांड्यात सोडायचं, बाहेर यायला वाट नाही. काही वेळाने तो धडपड थांबवून नुसता तरंगत राहतो. नैराश्यावरचं औषध दिलं असेल तर तो जास्त वेळ धडपडतो. चाचणी सोपी, स्वस्त, झटपट. हजारो निबंधांत ती वापरली गेली. पण तरंगणारा उंदीर 'निराश' असतो की शहाणपणाने शक्ती वाचवत असतो, हा वाद अजून मिटलेला नाही, आणि काही मोठ्या औषध कंपन्यांनी ती वापरणं बंदही केलं. चाचणीवर टीका करणारा प्रत्येक निबंधही मूळ निबंधाच्या खात्यात एकाची भर घालतो.

## एच-इंडेक्स हाताने काढून बघू

एकूण सायटेशन्स एका गाजलेल्या निबंधाने फुगू शकतात, आणि निबंधांची नुसती संख्या भाराभर लिहून वाढवता येते. या दोन्हींवर उतारा म्हणून कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो शाखेतले भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी २००५ मध्ये एच-इंडेक्स सुचवला. व्याख्या अशी: ज्याच्या किमान 'एच' निबंधांना प्रत्येकी किमान 'एच' सायटेशन्स आहेत, त्याचा इंडेक्स 'एच'.

समजा एका संशोधिकेचे आठ निबंध आहेत आणि त्यांना अनुक्रमे ३१०, ९५, ४०, १२, ६, ५, २ आणि ० सायटेशन्स आहेत. उतरत्या क्रमाने मोजत जायचं. पाचव्या निबंधाला ६ आहेत, म्हणजे पाच निबंधांना किमान पाच आहेत, जमलं. सहाव्याला ५ आहेत, सहा हव्या होत्या. इथे थांबायचं. एच-इंडेक्स ५.

आता मजा बघा. पहिल्या निबंधाला ३१० ऐवजी ३१,००० सायटेशन्स मिळाल्या तरी इंडेक्स ५ च राहतो. आणि सहाव्याला फक्त एक जास्त मिळाली तर तो ६ होतो. म्हणजे युगप्रवर्तक शोधापेक्षा रेषेच्या किंचित खाली अडकलेला सामान्य निबंध इंडेक्सला जास्त प्रिय. पुढच्या लेखात आपल्याच त्या सहाव्या निबंधाचा उल्लेख केला की काम झालं, हे संशोधकांना कळायला वेळ लागत नाही.

शिवाय हा आकडा कधी खाली येत नाही. वय वाढलं, संशोधन थांबलं, तरी जुन्या निबंधांच्या जोरावर तो हळूहळू चढतच राहतो. पस्तिशीतल्या संशोधकाची साठीतल्याशी एच-इंडेक्सवर तुलना करणं म्हणजे अनुभवाची वर्षं मोजून त्याला गुणवत्ता म्हणणं.

हिर्श यांच्या मूळ निबंधातच न्यूरोफार्माकॉलॉजीला मानाचं पान आहे. जीवशास्त्रांत त्यांना सापडलेला सर्वांत मोठा आकडा होता १९१, आणि तो जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या सॉलोमन स्नायडर यांचा. भौतिकशास्त्रातले अव्वल, स्ट्रिंग थिअरीवाले एडवर्ड विटन ११० वर होते. म्हणून मेंदूच्या औषधांचा अभ्यास स्ट्रिंग थिअरीपेक्षा खोल ठरत नाही. जीवशास्त्रात संशोधक जास्त, निबंध जास्त, प्रत्येक निबंधाच्या शेवटची यादी लांब, त्यामुळे वाटली जाणारी सायटेशन्सही जास्त. आकडे फक्त एकाच क्षेत्रातल्या, साधारण एकाच वयाच्या लोकांमध्ये ताडून बघता येतात. खुद्द हिर्श यांनीही पुढे कबूल केलं की या इंडेक्सचे अनपेक्षित आणि गंभीर दुष्परिणाम होऊ शकतात.

## पण १९१ हा आकडा उगाच येतो का?

उगाच येत नाही. स्नायडर यांच्या प्रयोगशाळेत १९७३ मध्ये कॅन्डेस पर्ट या विद्यार्थिनीने अफूचा रिसेप्टर दाखवून दिला. रिसेप्टर म्हणजे पेशीवरची अशी जागा, जिथे ठरावीक रेणूच येऊन बसतो आणि पेशीला संदेश देतो. उंदराच्या मेंदूचा लगदा करायचा, त्यात किरणोत्सारी नॅलोक्सोन घालायचं (अफूजन्य औषधांचा परिणाम उतरवणारं हे औषध), न चिकटलेलं धुऊन टाकायचं, आणि किती उरलं ते मोजायचं. त्याच वर्षी आणखी दोन प्रयोगशाळा स्वतंत्रपणे याच निष्कर्षाला पोचल्या. मग हीच युक्ती एकामागून एक इतर रिसेप्टर्सवर चालवता आली. नवी औषधं चाळायची ती रूढ रीत झाली. इतका पसारा मागे असलेल्या माणसाचा इंडेक्स मोठा असणारच.

आकड्याला न दिसलेली गोष्ट मात्र याच निबंधात आहे. त्यावर नावं दोनच: आधी पर्ट, मग स्नायडर. जैववैद्यकात पहिलं नाव बहुधा प्रत्यक्ष काम करणाऱ्याचं असतं आणि शेवटचं प्रयोगशाळेच्या प्रमुखाचं. १९७८ चा लास्कर हा वैद्यकातला मानाचा पुरस्कार स्नायडर यांना आणि ब्रिटनच्या ह्यूज व कॉस्टरलित्झ यांना मिळाला. पर्ट यांना वगळलं गेलं, त्यांनी उघड निषेध केला, आणि त्यावर पुष्कळ वादंग झालं. सायटेशनची सूची या वादात पडत नाही. ती दोघांनाही प्रत्येक सायटेशन पूर्ण देते. दोन लेखक असोत की चाळीस, सगळ्यांच्या खात्यात एकेक जमा.

यात न्याय आहे असं वरवर वाटतं. पण चाळीस नावांच्या औषध-चाचणीत ज्याने आपल्या केंद्रातून सहा रुग्ण जोडून दिले, त्याला आणि जिने तीन वर्षं खपून आराखडा केला तिला समान वाटा मिळतो. विभागप्रमुखाचं नाव रिवाजाने प्रत्येक निबंधावर येत असेल तर त्याच्या दोनशे निबंधांचा अर्थ काय लावायचा, हे ज्याचं त्याने ठरवावं.

## मोठ्या जर्नलमध्ये छापलंय, म्हणजे चांगलंच असणार?

इथे इम्पॅक्ट फॅक्टर येतो. हा जर्नलचा आकडा आहे, माणसाचा नाही. एखाद्या जर्नलने मागच्या दोन वर्षांत छापलेल्या निबंधांना यंदा एकूण किती सायटेशन्स मिळाल्या, त्याला निबंधांच्या संख्येने भागायचं. समजा चारशे निबंध आणि दोन हजार सायटेशन्स, तर फॅक्टर ५.

पण सरासरीच ती. त्या दोन हजारांपैकी नऊशे वरच्या दहा निबंधांनी आणल्या असतील, तर उरलेल्या तीनशेनव्वदांच्या वाट्याला तिनाहूनही कमी येतात. बहुतेक जर्नलांत असंच असतं: अर्ध्याहून बरेच जास्त निबंध आपल्याच जर्नलच्या सरासरीखाली. तेव्हा जर्नलचा आकडा निबंधाच्या छातीवर बिल्ल्यासारखा लावता येत नाही. फक्त आढावे छापणाऱ्या जर्नलांचे फॅक्टर तर प्रयोग छापणाऱ्यांपेक्षा कायम वर असतात, कारण मघाशीच सांगितलं ते.

आणि दोन वर्षांची ती खिडकी मेंदूच्या औषधांना फारच छोटी आहे. फ्लुओक्सेटीन हे नैराश्यावरचं औषध. ते मेंदूत सेरोटोनिन या निरोप्या-रेणूचं पुनर्शोषण अडवतं, म्हणजे त्याला पेशीत परत ओढलं जाऊ देत नाही, हे सांगणारा निबंध १९७४ चा. अमेरिकेत ते औषध म्हणून मंजूर झालं १९८७ अखेरीस. मधली तेरा वर्षं कोणत्याही इम्पॅक्ट फॅक्टरच्या नजरेपलीकडची.

## खरंच मोठं काम असेल तर आकड्यांत दिसेलच ना?

हा आक्षेप मला सगळ्यात जास्त ऐकायला मिळतो, आणि उत्तर सर्पगंधेपासून सुरू करावं लागतं.

१९३१ मध्ये गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी 'इंडियन मेडिकल वर्ल्ड'मध्ये सर्पगंधेच्या मुळीचा रक्तदाबावर आणि वेडाच्या झटक्यांवर होणारा परिणाम नोंदवला. जगाने तिकडे फारसं बघितलं नाही. लक्ष गेलं ते १९४९ मध्ये, मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांचा सर्पगंधेवरचा निबंध 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये आल्यावर. मग स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीने १९५२ मध्ये तिच्यातून रिसर्पीन वेगळं काढलं. मुळी तीच. जर्नल कुठलं, एवढाच फरक, आणि त्यात अठरा वर्षं गेली.

स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांच्या हाती हे रिसर्पीन आलं. सशांना ते टोचलं की ससे कान पाडून, हालचाल बंद करून नुसते पडून राहात. १९५७ मध्ये कार्लसन यांनी अशा सशांना एल-डोपा दिलं. मेंदूत गेल्यावर या पदार्थाचं डोपामीन होतं. थोड्याच वेळात ससे कान टवकारून हिंडू-फिरू लागले. डोपामीन हा मेंदूतला स्वतंत्र निरोप्या आहे, या विचाराची ती सुरुवात. तरी १९६० मध्ये लंडनच्या एका परिषदेत त्या काळच्या दिग्गजांनी ही कल्पना शंकेनेच घेतली. त्याच वर्षी व्हिएन्नात हर्बर्ट एरिंगर आणि ओलेह हॉर्निकिएविच यांनी पार्किन्सनच्या रुग्णांच्या मेंदूत डोपामीन खालावलेलं असतं हे दाखवलं, तेही जर्मन भाषेतल्या जर्नलात. कार्लसन यांना नोबेल मिळालं २००० मध्ये.

आज डोपामीनवर निबंधांचा पूर लोटतो. त्यातल्या कितींच्या यादीत १९५७ चा तो निबंध असतो? फार थोड्यांच्या. गोष्ट इतकी सर्वमान्य झाली की तिला आधार द्यायची कोणाला गरज वाटत नाही. शोध पाठ्यपुस्तकात गेला की त्याची सायटेशन्स आटू लागतात. थोडक्यात, दुर्लक्षित काम आणि पूर्ण पचलेलं काम सूचीत सारखंच दिसू शकतं.

## चूक असतं तर इतक्यांनी नाव घेतलं असतं का?

घेतलं असतं. घेतलंही. २००६ मध्ये 'नेचर'मध्ये अल्झायमरबद्दल एक निबंध आला: मेंदूत साचणाऱ्या ॲमायलॉइड प्रथिनाचा एक विशिष्ट गुच्छ टोचला की उंदरांची स्मृती बिघडते. पुढच्या काही वर्षांत त्याला दोन हजारांहून अधिक सायटेशन्स मिळाल्या. जुलै २०२२ मध्ये 'सायन्स' या जर्नलच्या वार्तांकनाने त्यातल्या चित्रांमध्ये फेरफार झाल्याचा संशय पुढे आणला. जून २०२४ मध्ये निबंध मागे घेतला गेला. निबंध मागे घेता येतो. त्याच्या आधाराने लिहिले गेलेले निबंध, मिळालेली अनुदानं आणि वाढलेले एच-इंडेक्स कोणी मागे घेत नाही.

यावरून 'अल्झायमरचं सगळं संशोधनच बोगस' असं ठोकून देणारेही त्या काळात बरेच निघाले. तेही चूक. ॲमायलॉइडचा विचार या एका निबंधावर उभा नव्हता, आणि ॲमायलॉइड हटवणारं लेकानेमॅब अमेरिकेत २०२३ मध्ये मंजूरही झालं. त्याचा रुग्णाला होणारा फायदा माफक आहे, हा वेगळा विषय.

फसवणूक नसतानाही गाडी रुळावरून घसरू शकते. मज्जातंतूविकारतज्ज्ञ स्टीव्हन ग्रीनबर्ग यांनी २००९ मध्ये 'बीएमजे' या वैद्यकीय जर्नलमध्ये एक सुंदर तपास मांडला. स्नायूंच्या एका आजारात ॲमायलॉइडचा हात असतो, हा दावा जवळपास सिद्ध असल्यासारखा सांगितला जात होता. ग्रीनबर्ग यांनी कोणी कोणाचं नाव घेतलं याचं जाळंच काढलं. दाव्याच्या बाजूचे मोजके निबंध पुन्हा पुन्हा उल्लेखले जात होते आणि विरोधातले निबंध जवळजवळ कोणी उल्लेखतच नव्हतं. 'असं असू शकेल' हे वाक्य चार हातांतून जाता जाता 'असं आहे' होत होतं. गावगप्पा अशाच पिकतात. फक्त इथे प्रत्येक गप्पेखाली तळटीप होती.

## ती दोन टक्क्यांची यादी

ही यादी स्टॅनफर्ड विद्यापीठातले जॉन इओनिडिस आणि सहकारी करतात, 'स्कोपस' या सूचीतल्या माहितीवरून. हा विद्यापीठाने दिलेला पुरस्कार नाही. कोणी कोणाला निवडत नाही, संगणक क्रम लावतो. एकूण सायटेशन्स, एच-इंडेक्स, लेखकसंख्येनुसार सुधारलेला एच-इंडेक्स, आणि एकटा, पहिला किंवा शेवटचा लेखक असताना मिळालेल्या सायटेशन्स, असे सहा घटक एकत्र करून गुण काढले जातात. यादीत नावं दोन लाखांच्या वर.

यादी करणाऱ्यांचा हेतू चांगला होता, हे म्हणायला हवं. लेखकाच्या स्थानाला वजन देणं, स्वतःच स्वतःचं नाव घेतलेलं वगळून वेगळा क्रम दाखवणं, क्षेत्रांचे १७४ पोटगट पाडून त्यांच्यात तुलना करणं, हे सगळं वर सांगितलेल्या रोगांवरचे इलाज आहेत. गोंधळ बातमीत होतो. याद्या दोन असतात: एक आख्ख्या कारकिर्दीची, दुसरी फक्त एका वर्षाची. वर्षाच्या यादीत येणं तुलनेने सोपं, पण बातमीत 'जगातले अव्वल' एवढंच येतं.

या सगळ्या आकड्यांना पैसा, बढती आणि अनुदान जोडलेलं असल्यावर बाजार उभा राहणारच. पैसे घेऊन निबंध लिहून देणाऱ्या 'पेपर मिल' आहेत, एकमेकांची नावं ठरवून घेणाऱ्या टोळ्या आहेत. २०२३ या एका वर्षात जगभरात दहा हजारांहून जास्त निबंध मागे घेतले गेले, आणि त्यातले आठ हजारांवर हिंदावी या एकाच प्रकाशनसमूहाचे होते. 'हायली साइटेड रिसर्चर्स' ही यादी काढणाऱ्या क्लॅरिव्हेट कंपनीने त्याच वर्षी हजाराहून अधिक नावं संशयावरून आधीच गाळली.

## मग आकडे बघायचेच नाहीत?

माझं मत: बघावेत. आकडे काढून टाकले तर उरतं काय? ओळखीपाळखी, शिफारसपत्रं, कोण कोणाचा विद्यार्थी. आडबाजूच्या संस्थेत निमूट काम करणाऱ्या माणसाला सायटेशन्स निदान एक पुरावा तरी देतात की आपलं काम परक्यांना उपयोगी पडलंय. २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत जमलेल्या संपादकांनी आणि प्रकाशकांनी 'डोरा' नावाचा जाहीरनामा केला. माणसाला जर्नलच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून जोखू नका, काम बघा, एवढीच त्यातली मुख्य मागणी. हजारो संस्थांनी सही केली. नेमणुकीच्या अर्जात इम्पॅक्ट फॅक्टरची बेरीज मागणाऱ्या समित्या अजूनही आहेत.

सामान्य वाचकाने एखाद्या न्यूरोफार्माकॉलॉजिस्टचं पान उघडलं तर काय बघावं? आधी आकडा कुठल्या सूचीतला आहे ते. 'गूगल स्कॉलर' प्रबंध, पुस्तकं, परिषदांची टिपणं सगळंच मोजतं, म्हणून त्याचा आकडा नेहमी मोठा. 'स्कोपस' आणि 'वेब ऑफ सायन्स' निवडक जर्नलं धरतात, म्हणून तिथला लहान. एकाच माणसाचे तीन आकडे दिसले तर लबाडी समजू नये. नावसाधर्म्याने दुसऱ्याचेच निबंध पानावर आलेले असणं मात्र शक्य आहे. त्यासाठी २०१२ पासून 'ऑर्किड' हा सोळा अंकी ओळख क्रमांक आहे, आणि संशोधकाने तो नीट ठेवला असेल तर तिथली यादी जास्त भरवशाची.

मग निबंध सायटेशन्सच्या उतरत्या क्रमाने लावून वरचे पाच वाचावेत. आख्खे नाही, सारांश पुरे, आणि तो 'पबमेड'वर फुकट मिळतो. प्रयोग आहे की आढावा, उंदरांवर की माणसांवर, किती जणांवर, लेखकांत यांचं नाव कितवं. औषधाची माणसांवरची चाचणी असेल तर ती आधी नोंदवली होती का, आणि दुसऱ्या कोणी तेच करून तेच मिळवलं का. न्यूरोफार्माकॉलॉजीत उंदरावर चाललेलं आणि माणसावर फसलेलं इतकं आहे की या एका ओळीनेच निम्म्या बातम्यांची हवा निघते.

शेवटी नाव 'रिट्रॅक्शन वॉच'च्या शोधखान्यात टाकून बघावं. जगभरात मागे घेतलेल्या निबंधांची ही नोंदवही आता सर्वांना खुली आहे. नाव सापडलं तर कारणही वाचावं, कारण स्वतःची प्रामाणिक चूक उमगल्यावर आपणहून निबंध मागे घेणारेही त्याच यादीत असतात.